ओल्या सूक्ष्मशैवालाच्या पेशी कमी ऊर्जेत फोडण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी गोव्यातील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्मशैवालापासून बायोडिझेलसाठी तेल काढण्याचा प्रकल्प माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतला आहे. शैवाल चांगले वाढते आणि माध्यमातील नत्र संपल्यावर पेशींत तेलही साठते. अडते ते पेशी फोडताना. जेमतेम 2 ते 4 मायक्रॉन व्यासाच्या या पेशीभोवती सेल्युलोजची भित्तिका असते आणि तिच्या बाहेरून अल्जीनॅन या अतिशय चिवट पदार्थाचा थर असतो, त्यामुळे ओल्या लगद्यात नुसते हेक्झेन (तेल विरघळवून घेणारा द्रव) घालून ढवळले तर फारच थोडे तेल सुटते.

लगदा वाळवून, दळून मग विद्रावक वापरावा, हा सल्ला बहुतेक जण देतात. पावसाळ्यात इथे उन्हात काही वाळत नाही, म्हणून उष्णता विकत घ्यावी लागते, आणि तिथेच हिशेब फिसकटतो. सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या लगद्यात 20 टक्के घनपदार्थ धरले, तर 1 किलो कोरड्या शैवालामागे 4 किलो पाणी उडवावे लागते आणि त्याला केवळ बाष्पीभवनाचीच सुमारे 9 मेगाज्यूल ऊर्जा लागते. त्या शैवालात 25 टक्के तेल असले, तरी त्या पाव किलो तेलातून मिळणारी ऊर्जाही जवळपास तेवढीच, म्हणजे 9 मेगाज्यूलच्या आसपास. इंधन मिळवण्यासाठी तेवढेच इंधन जाळणे मला पटत नाही, म्हणून लगदा ओला असतानाच पेशी फोडण्याचा आमचा आग्रह आहे.

श्राव्यातीत ध्वनीने (अल्ट्रासाउंडने) पेशी फोडण्याचा मार्गही याच कसोटीवर मागे पडतो. 500 वॉटचे उपकरण 10 मिनिटे चालवले की 300 किलोज्यूल खर्च होतात. 100 मिलिलिटर द्रवात 5 ग्रॅम कोरडे शैवाल असेल, तर त्यातील सगळे तेल हाती आले तरी ऊर्जा 46 किलोज्यूलच मिळते. प्रयोगशाळेत तुलनेसाठी ही पद्धत उत्तम आहे, पण त्यापुढे नेता येईल असे दिसत नाही. मिठागरांत वाढणारे डुनालिएला घ्या, असेही सुचवले जाते. त्याला कठीण भित्तिका नसल्याने ते गोड्या पाण्यात आपोआप फुटते हे खरे, परंतु ते प्रामुख्याने ग्लिसरॉल आणि बीटा-कॅरोटीनसाठी वाढवले जाते. आम्हाला हवी आहेत ती ट्रायग्लिसराइडे, म्हणजे ज्यांपासून बायोडिझेल बनते ती तेले.

त्यामुळे आता बीड मिल (बारीक मण्यांसोबत लगदा वेगाने घुसळून पेशी चिरडणारे यंत्र) आणि उच्चदाब होमोजिनायझर (लगदा मोठ्या दाबाने अरुंद फटीतून ढकलून पेशी फोडणारे यंत्र) हे दोनच पर्याय उरतात. लगदा जितका दाट, तितका प्रति किलो शैवालामागे ऊर्जाखर्च कमी, हे तत्त्व ठाऊक आहे. पण इतक्या बारीक पेशींसाठी बीड मिलमध्ये किती दाटपणापर्यंत जाता येते आणि मणी अर्ध्या मिलिमीटरचे घ्यावेत की त्याहून लहान, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे. पेशी फार बारीक चिरडल्या, तर प्रथिने आणि भित्तिकेचे तुकडे हेक्झेनबरोबर घट्ट पायस (इमल्शन, म्हणजे न विलगणारे दुधाळ मिश्रण) तयार करतात आणि थर वेगळे होत नाहीत. तिथे आयसोप्रोपेनॉल घालावे, की थोडे कमी फोडून थोडे तेल सोडून द्यावे? शिवाय पेशी फुटताच त्यांतील लायपेज विकरे तेलाचे विघटन करून मुक्त मेदाम्ले वाढवतात, आणि पुढे अल्कली उत्प्रेरक वापरताना त्यांचाच साबण होतो. ही विकरे निष्क्रिय करण्यासाठी फोडण्यापूर्वी लगद्याला थोडा वेळ उष्णता दिली, तर भित्तिकाही सैल पडते का, याचा अनुभव कोणाला असल्यास अवश्य सांगावा.

एकूण तेल मोजण्यासाठी आम्ही 1959 सालची ब्लाय आणि डायर यांची क्लोरोफॉर्म-मिथेनॉल पद्धत वापरतो आणि हेक्झेनमध्ये त्यातील किती टक्के उतरले ते पाहतो, म्हणजे उत्तरे त्याच मापात दिल्यास तुलना सोपी होईल.

आणखी एक विनंती. रंग आणि शाई तयार करणाऱ्या कारखान्यांत रंगद्रव्य दळण्यासाठी बीड मिल असतेच. वेर्णा किंवा कुंडई परिसरात अशा व्यवसायात कोणी असेल आणि लहान क्षमतेची, पूर्ण धुऊन देता येणारी मिल एक दिवस वापरायला देऊ शकत असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. लगदा, मणी आणि वीजमापक आम्ही सोबत आणू.