आमदार म्हणाले ‘अधिवेशनात प्रश्न लावतो’, म्हणजे नक्की काय होतं?

नवमतदार:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे नदीवरचा एक पूल बरीच वर्षं अर्धवट पडून आहे. काही जण मिळून आमदारांकडे गेलो तर ते म्हणाले, या अधिवेशनात प्रश्न लावतो. आता प्रश्न लावला की पुढे काय होतं? टीव्हीवर तर फक्त विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणा नाहीतर सभात्याग दिसतो. आणि २८८ आमदार विधानसभेत असताना वर ती विधान परिषद कशासाठी, तिला आपण कधी मत दिल्याचं आठवत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

शालिनी_म:
आधी रचना सांगते. विधानसभेच्या २८८ जागा थेट निवडणुकीतून येतात, त्यातल्या २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ जमातींसाठी राखीव. १४५ जण पाठीशी असले की बहुमत. मंत्री किती करायचे यालाही मर्यादा आहे, २००३ च्या घटनादुरुस्तीपासून एकूण आमदारांच्या १५ टक्के, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरून ४३. परिषदेत ७८ जण. ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ महापालिका-जिल्हा परिषदा वगैरेंचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपाल नेमतात. ती कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश लोक निवृत्त होतात.

तुम्ही पदवीधर असाल तर परिषदेला तुम्हालाही मत देता येतं, पण विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही, नमुना १८ चा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि दर निवडणुकीला यादी नव्याने होते. हे लोकांना माहीतच नसतं म्हणून नोंदणी कमी होते आणि मग थोडक्या लोकांच्या मतावर आमदार निवडून जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोदाकाठ:
प्रश्नाचं मी सांगतो, कारण मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन प्रकार असतात, तारांकित आणि अतारांकित. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. तारांकितला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. छापील यादी एकदा वाचून बघा, साचा ठरलेला असतो: ‘(१) अमुक पुलाचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि समोर उत्तर ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचायला कोरडं वाटतं पण त्या एका ओळीसाठी मंत्रालयातून जिल्ह्याच्या कार्यकारी अभियंत्यापर्यंत फाईल फिरते, माहिती मागवली जाते आणि जे उत्तर येतं ते सरकारचं अधिकृत म्हणणं म्हणून कायमचं रेकॉर्डवर राहतं. फक्त एक अडचण, प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात आणि प्रश्नोत्तराच्या तासात थोडेच पुकारले जातात, गोंधळात तो तास गेला तर उपप्रश्न विचारायची संधी जाते. म्हणून मला गोंधळाचा राग येतो, दोन्ही बाजूंच्या.

विषय तातडीचा असेल तर आमदार लक्षवेधी सूचना देऊ शकतात. त्यात मंत्री ‘काम अमुक महिन्यात सुरू करू’ असं बोलले तर ते आश्वासन समितीकडे जातं आणि ती समिती खात्याला विचारत राहते.

विदर्भवासी:
अधिवेशनाचंही सांगतो. वर्षात तीन होतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला (१९५३ च्या नागपूर करारामुळे). पुलाचा पैसा अर्थसंकल्पातून नाहीतर पुरवणी मागण्यांतून (अर्थसंकल्पानंतर सरकार सभागृहाकडे मागतं त्या जादा खर्चातून) येतो, तेव्हा तिथे तुमच्या कामाचं नाव आहे का ते बघा. पुष्कळ खात्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविनाच मंजूर होतात, हे बदलायला हवं.

परिषदेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तिचा उपयोग काय? पैशाचं विधेयक ती १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही, साधं बिल पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पास केलं तर आणखी एक महिना, शेवटी विधानसभेचंच चालतं. संसदेसारखी संयुक्त बैठकसुद्धा नाही. देशात सहाच राज्यांत परिषद आहे, बाकीच्यांचं काही अडलेलं नाही.

शालिनी_म:
@विदर्भवासी, अडवता येत नाही म्हणून उपयोग नाही असं कसं? रोजगार हमी योजना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते वि. स. पागे परिषदेचे सभापती होते. घाईत आलेल्या बिलावर कुणीतरी दुसऱ्यांदा बोलणं, दुरुस्ती सुचवणं यालाही किंमत आहे. चांगले लोक पाठवत नाही हा आपला प्रश्न, सभागृहाचा नाही.

नवमतदार:
मनापासून धन्यवाद सगळ्यांना. मग आमदारांना नेमकं काय द्यावं?

गोदाकाठ:
कामाचं पूर्ण नाव, कार्यारंभ आदेशाची तारीख, मंजूर रक्कम आणि आतापर्यंतचा खर्च. हे आधी माहिती अधिकारात मागवून घ्या. मोघम निवेदनावरून मोघम प्रश्न होतो आणि त्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणणं सोपं जातं. आणि तारांकितच द्या म्हणून सांगा, सोबत दोन-तीन उपप्रश्न तुम्हीच लिहून द्या.