मदत हवी आहे: घुबडाच्या रक्तात परजीवी निघाले, मलेरियाची गोळी द्यावी का?

बंडीवाला
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातून लिहितोय, खारपाणपट्ट्यातलं गाव. मंगळवारी सकाळी गोठ्यात शेण काढायला गेलो तर बंडीखाली घुबड बसलेलं. गव्हाणी घुबड, पांढऱ्या तोंडाचं. गोदामाच्या पत्र्याखाली दोन-तीन वर्षांपासून जोडी राहते, त्यातलंच एक. एरवी जवळ गेलं की फिस्स करून अंगावर येतं, हे मात्र डोळे अर्धे मिटून बसून राहिलं. पोत्यात गुंडाळून घरात आणलं. आई म्हणाली, "घरात घुबड आनते कारे कोनी?" शेवटी खोकं पडवीत ठेवलं.

भाचा अकोल्याला वेटरनरी शिकतो, दिवाळीच्या सुट्टीत आला होता. त्यानं पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त काढून काचपट्टीवर घेतलं. पोरगा नवशिका, सुई नीट लागली नसावी, रक्त थांबेचना. पाऊण तास कापूस दाबून धरला, तरी पंखाखालची पिसं ओली झाली ती झालीच. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पट्टी रंगवून रात्री फोटो पाठवला. लाल पेशीत मधल्या ठिपक्याला कवेत घेऊन बसलेलं काहीतरी, वालाच्या दाण्यासारखं वाकडं, आत सोनेरी-तपकिरी कण. म्हणाला, "मामा, हिमोप्रोटिअस आहे, मलेरियाचा भाऊबंद."

तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी फोटो बघून पक्ष्याला हातही न लावता क्लोरोक्विन सांगितलं, माणसाची गोळी, चतुर्थांश. गोळी आणलीय, पण हात धजत नाही. द्यावी का? आणि हे कोंबड्यांना, घरच्या लेकराला लागेल का? लेकरू घुबडाजवळच बसून असतं.

टेंभरू
माझी आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नये. ते दगड उचलून नेतं आणि पाण्यात घासत बसतं, दगड झिजला की माणूस झिजतो. तुम्ही उलट पोत्यात घालून आणलंत, तुमचं वजन वाढेल :)

भिंगवाला
दादा, गोळी ठेवून द्या.

मी पशुवैद्यक आहे, बरीच वर्षं प्रयोगशाळेत काचपट्ट्या बघण्यातच गेली. भाच्यानं बरोबर ओळखलंय, त्याला शाबासकी. पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं, आपल्यासारखी रिकामी नसते. हिमोप्रोटिअस त्या केंद्रकाला बाजूनं वळसा घालतो, म्हणून तो वालाचा आकार. तपकिरी कण म्हणजे हिमोग्लोबिन खाऊन उरलेला कचरा. ल्युकोसायटोझून नावाचा तिसरा भाऊ आहे, त्यात हे कण दिसत नाहीत आणि तो पेशीचा आकारच बिघडवतो.

आता मुद्दा. रानातल्या घुबडांमध्ये असे परजीवी सर्रास सापडतात. चिलटं चावतात, पिसांत लपणाऱ्या चपट्या माश्या चावतात, त्यांतून येतात. पहिल्या संसर्गात, विशेषतः पिल्लांना, त्रास होऊ शकतो. पण धडधाकट मोठा पक्षी तो अंगावर काढतो आणि पुढे थोडे परजीवी रक्तात बाळगून संसार करत राहतो. म्हणजे पट्टीवर परजीवी दिसणं वेगळं आणि पक्षी त्यानं आजारी पडणं वेगळं. भाच्याला विचारा, शंभर पेशींत किती सापडले? शोधून शोधून एखादा सापडला असेल तर हा आरोपी नाही, घटनास्थळी दिसलेला शेजारी आहे.

लेकराची काळजी नको, पक्ष्यांचा मलेरिया माणसाला होत नाही. मात्र डास मलेरिया पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये कलकत्त्यात दाखवलं ते पक्ष्यांवरच, क्युलेक्स डास वापरून. 1902 चं नोबेल त्याचं. कोंबड्यांचे परजीवी बहुतेक वेगळ्या जातींचे असतात, तेही सोडा. हात मात्र साबणानं धुवायला लावा, घुबडाच्या विष्ठेत इतर जंतू असतात.

तुम्ही मला दोन गोष्टी सांगा. छातीचं मधलं हाड बोटाला सुरीसारखं टोचतं का? आणि चोच उघडून आतला रंग बघा, गुलाबी आहे की फिकट?

रानवाट
आधी 1926 ला फोन लावा, वनविभागाची हेल्पलाइन. घुबड घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, उपचारासाठी असलं तरी कळवलेलं बरं. आणि गावात बोभाटा करू नका. दिवाळीच्या आसपास घुबडांना गिऱ्हाइकं फिरतात.

बंडीवाला
रानवाट भाऊ, गिऱ्हाईक येऊन गेलं! काल मोटारसायकलवर एक जण. "जिवंत पाहिजे, नखं शाबूत पाहिजे." आईनं त्याला असा झापला की विचारू नका. घुबड घरात नको म्हणणारी तीच. आता वनरक्षकाला फोन केलाय, उद्या सकाळी येतो म्हणतात.

भिंगवाला सर, छाती भरलेली आहे, हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस. चोचीच्या आत मात्र पांढरट, ताकासारखं. भाचा म्हणतो शंभर पेशींत एकही नाही, पाचशेच्या पुढे एखादा.

टेंभरू
मग परजीवींनी कधीच काही होत नाही का? असं असेल तर लोक अभ्यास कशाला करतात?

भिंगवाला
होतं की. फिनलंडमधल्या छोट्या जंगली घुबडांवर या विषयाचं काम बरंच झालंय. ज्या वर्षी शेतातले उंदीर कमी, त्या वर्षी रक्तात ल्युकोसायटोझून असलेल्या माद्यांनी अंडी कमी घातली. उंदीर भरपूर असलेल्या वर्षी तोच संसर्ग फारसा जाणवला नाही. कॅनडाच्या युकॉन भागात तर मोठ्या शिंगवाल्या घुबडांची पिल्लं काळ्या चावऱ्या माश्या आणि ल्युकोसायटोझून यांनी मिळून मारली. उपाशी घुबडाला हेच परजीवी जड जातात.

पण बंडीवाला दादांचं घुबड उपाशी नाही. छाती भरलेली म्हणजे परवापर्यंत पोटभर खात होतं. खंगून आजारी पडलेल्या पक्ष्याची छाती अशी राहत नाही. तरी चोच ताकासारखी, म्हणजे रक्त कुठेतरी गेलंय. परजीवी तर पाचशेत एक. एवढ्यानं रक्त आटत नाही.

तुमची पहिली पोस्ट परत वाचली. पाऊण तास रक्त थांबलं नाही? भाच्याला दोष देऊ नका. घुबडाच्या शिरेतलं रक्त साधारण मिनिटभर दाबलं की थांबतं. गोदामात उंदरांसाठी काय टाकलंय?

बंडीवाला
सर, हे वाचून उठलो तो बॅटरी घेऊन सरळ गोदामात गेलो.

दसऱ्याच्या आधी मुगाची पोती लावली तेव्हा मीच टाकल्या होत्या. मेणासारख्या निळ्या वड्या. कृषी केंद्रातून आणल्या, पुडक्यावर ब्रोमॅडिओलोन लिहिलंय. पोत्यांच्या मागे वीस ठेवल्या होत्या, आता आठ आहेत. बाकीच्यांच्या जागी नुसता भुगा आणि लेंड्या. आणि पत्र्याखाली घुबडांच्या जागेवर पाहिलं तर खाली एक उंदीर पडलेला, धड अर्धं खाल्लेलं, आतडी निळी.

दोन वर्षं लोकांना सांगत होतो, घुबडं आहेत म्हणून माझ्या गोदामात उंदीर कमी.

भिंगवाला
वाटलंच. हे विष शरीरात जीवनसत्त्व क चं नव्हे, के चं चक्र अडवतं. त्याशिवाय रक्त गोठवणारे घटक तयार होत नाहीत. उंदीर वडी खाऊन लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला सोपी शिकार. असे काही उंदीर पोटात गेले की घुबडाच्या यकृतात विष साठतं आणि आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो.

आज रात्री त्याला अंधाऱ्या खोक्यात, उबेत, एकटं ठेवा. आता पुन्हा सुई टोचू देऊ नका. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. सकाळी वनरक्षकाला पुडकं दाखवा, नुसतं "घुबड आजारी" सांगू नका. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे असे पक्षी येतात. व्हिटॅमिन के-1 आठवडे न् आठवडे द्यावं लागतं, कारण हे विष यकृतातून लवकर निघत नाही. मात्रा तिथले डॉक्टर ठरवतील.

रानवाट
उरलेल्या वड्या उकिरड्यावर फेकू नका, कुत्री-डुकरं खातील. मेलेले उंदीर खोल पुरा.

बंडीवाला
बारा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. घुबड नागपूरला गेलं. परवा वनरक्षकाचा फोन आला, चोचीच्या आत रंग आलाय, स्वतःहून खातंय. परजीवी अजून रक्तात आहेत, त्यावर काही औषध दिलेलं नाही.

जोडीतलं दुसरं इथेच आहे. रात्री आठच्या सुमारास पत्र्यावरून निघतं, आई पडवीत बसून बघत असते. वड्या सगळ्या गोळा केल्या, भुगाही झाडून घेतला. पण पोत्यांत उंदीर आहेतच, आणि विष खाल्लेले किती हिंडताहेत ते काय दिसतं? चापाचे पिंजरे आणायचे ठरवलंय. गोदाम वीस बाय तीसचं आहे, दोनशे पोती. किती पिंजरे लागतील आणि आमिष काय लावता तुम्ही लोक? इथे कोणी भजं सांगतं, कोणी सुकट.