मदत हवी आहे: पीएच घसरला, पण अल्कलिनिटी जागची हलली नाही

नमस्कार मंडळी,

जमिनीखाली ८०० मीटरहून खोल साठवलेला कार्बन डायऑक्साइड गळून वर आला, तर उथळ थरातल्या पाण्याचं काय होईल, यावर माझा एमएस्सीचा प्रकल्प आहे. लोक पितात ते पाणी हेच, म्हणून मला हे नीट समजून घ्यायचंय.

तीन बरण्या, तिन्हींत एकच भूजल. पहिलीत धुतलेली गारगोटीची वाळू, दुसरीत तीच वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, तिसरीत बोअर मारताना वर आलेला राखाडी गाळ. दोन दिवस वायूचे बुडबुडे सोडले. पीएच ७.४ होता, वाळूत तो ५.३ झाला, शिंपल्यांत ६.० वर थांबला. चुना आम्ल खातो, इथवर कळलं.

घोडं पुढे अडलंय. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद (बायकार्बोनेटमध्ये मोजलेली), शिंपल्यांच्या बरणीत लिटरमागे २०० वरून ९५० मिलिग्रॅम झाली, वाळूत मात्र २०० च. एवढा वायू विरघळला, तर बायकार्बोनेट वाढायलाच हवं ना? टायट्रेशन (थेंबथेंब आम्ल घालून केलेली मोजणी) तीनदा केलं, आकडा तोच.

दुसरं म्हणजे लोह. गाळाच्या बरणीतलं पाणी काढलं तेव्हा स्वच्छ होतं. बाटली रात्रभर तशीच राहिली, झाकणही सैल होतं. सकाळी काचेला आतून बुडबुडे चिकटलेले, तळाशी तांबूस साका, आणि पीएच ५.८ चा ७.२! वरचं पाणी तपासलं तर लोह जवळपास नाहीच. हा नमुना वाया गेला का?

प्रतिसाद १

टायट्रेशनवर शंका घेऊ नका, ते बरोबर आहे. वायू विरघळून कार्बॉनिक आम्ल होतं, त्यातून जितके बायकार्बोनेट तितकेच हायड्रोजन आयन सुटतात. अल्कलिनिटीत दोघांची वजावट होते, हाती शून्य. ती वाढते खनिज विरघळल्यावर. म्हणून कॅल्शियम मोजा: वाढलेले ७५० सगळे चुन्यातून आले असतील, तर कॅल्शियम लिटरमागे २४५ मिलिग्रॅमच्या आसपास वाढलेलं दिसेल.

अमेरिकेत मोंटानातल्या बोझमनला २००८ मध्ये मुद्दाम जमिनीत वायू सोडून पाहिला होता. महिनाभरात उथळ भूजलाचा पीएच ७ च्या आसपास होता तो ५.६ वर आला, बायकार्बोनेट ४०० वरून १३०० च्या पुढे गेलं, लोह आणि मँगनीजही वाढलं.

प्रतिसाद २

लोहासाठी तो नमुना गेलाच. वायू उडाला, पीएच चढला, हवेतला ऑक्सिजन मिळाला आणि लोह गंजून खाली बसलं. पुढच्या वेळी पाणी काढताक्षणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि धातूंच्या बाटलीत लगेच नायट्रिक आम्ल घाला. अल्कलिनिटीची बाटली वेगळी: तिच्यात आम्ल नको, ती काठोकाठ भरून बंद करा. पीएच जागच्या जागी घ्या.

प्रत्यक्ष विहिरींवर जाल तेव्हा क्लोराइडही मोजा, खोलातलं खारं पाणी मिसळलं असेल तर त्यावरून कळतं. न्यू मेक्सिकोतल्या चिमायोला वायू निसर्गतःच वर येतो. तिथल्या काही विहिरींतलं आर्सेनिक आणि युरेनियम मुख्यतः त्याच्यासोबत चढलेल्या खाऱ्या पाण्याचं आहे, नुसत्या आम्लतेचं नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शिंपल्यांच्या बरणीत कॅल्शियम २३८ ने वाढलंय! गाळाची बरणी उद्या पुन्हा लावतो, या वेळी फिल्टर आणि आम्ल हाताशी ठेवून.