मदत हवी आहे: बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बांधणं) पहिल्यांदा फेल, दुसऱ्यांदा पास. एकदाच चालवून होईल असं काही करता येईल का?

उद्यमबाग_एकटा
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या कंपनीत आहे. हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्ह तपासायच्या टेस्ट बेंचचं सॉफ्टवेअर बघतो. सॉफ्टवेअरवाला मी एकटाच, त्यामुळे ऑफिसात विचारायला कुणी नाही. मोबाईलवरून लिहितोय, कमांड देवनागरीतच टाकतोय, सांभाळून घ्या.

प्रोग्राम सी++ मध्ये आहे. प्रेशर आणि फ्लोचे मीटर आरएस-४८५ केबलवरून मॉडबसने (मीटरशी बोलायची ठरलेली भाषा) वाचतो, नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये टाकतो. बिल्डला सीमेक ३.२२ (काय कसं बांधायचं ते ठरवतं) आणि साधा मेक (त्याप्रमाणे बांधतं), उबुंटू २२.०४. लिबमॉडबस ३.१.१० ही मॉडबसची लायब्ररी आम्ही सोर्समधून बांधतो, कारण त्यावर आमचा एक छोटा पॅच (कोडमधला बदल) आहे.

माझ्या आधीचा मुलगा पुण्याला गेला. जाताना बिल्डची स्क्रिप्ट देऊन गेला. तिच्यात 'सीमेक आणि मग मेक' ही ओळ दोनदा आहे, खाली वर तीच. शेजारी शेरा: 'दोनदा चालवणे. कारण विचारू नये.'

दोन वर्षं विचारलं नाही. पण मागच्या आठवड्यात चिकोडीकडच्या एका गिऱ्हाईकाकडे नवीन पीसीवर सगळं बसवायचं होतं. तिथल्या कंट्रोल रूममध्ये नेट नाही. ऑपरेटरला फोनवरून मी सांगतोय, 'एरडु सला ओडसरी' (दोनदा चालवा), आणि तो म्हणतोय दोन्ही वेळा लाल अक्षरं आली. शेवटी पावसात बाईक काढून जावं लागलं.

अजून एक गंमत. पहिल्या वेळची एरर सगळीकडे सारखी नाही. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर, जिथे नुसतं मेक चालवतो, तिथे शेवटी लिंक करताना (सगळे तुकडे जोडताना) 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मॉडबस_न्यू_आरटीयू'. माझ्या नव्या लॅपटॉपवर मेक -जे८ ला (आठ कामं एकदम) सुरुवातीलाच 'मॉडबस.एच: नो सच फाइल'. प्रोजेक्ट एकच, रडगाणी दोन. दुसऱ्यांदा चालवलं की दोन्हीकडे गुपचूप होतं.

निपाणी_नाका
भावा, दोनदा चालवल्यावर होतंय ना? मग सोड की. आमच्याकडे तर तीनदा चालवतात.

कोडंकरी
तयार पॅकेज आहे की लिबमॉडबस-डेव्ह, उबुंटूच्या एपीटीने नेटवरून टाक. बाहेरची लायब्ररी आपण कशाला बांधत बसायची?

उद्यमबाग_एकटा
@कोडंकरी पॅच आहे म्हणून. आमच्या एका मीटरला उत्तर द्यायला वेळ लागतो, त्याच्यासाठी केलाय. आणि गिऱ्हाईकाकडे एपीटीला नेट कुठून आणू?

जुना_मेकवाला
तुझ्या सीमेकच्या फाइलमध्ये 'लायब्ररी सापडली नाही तर बांध' असा इफ आहे का? असेल तर तेवढाच भाग टाक. सगळी फाइल नको.

उद्यमबाग_एकटा
आहे! वाचून सांगतो. आधी फाइंड_लायब्ररीने मॉडबस शोधतो, बिल्ड फोल्डरच्या आतल्या 'बाहेरचं' फोल्डरात. सापडली तर टार्गेट_लिंक_लायब्ररीजने जोडतो. नाही सापडली तर एक्स्टर्नलप्रोजेक्ट_अ‍ॅड, गिटवरून घे, पॅच लाव, कॉन्फिगर, मेक, आणि त्याच 'बाहेरचं' फोल्डरात इन्स्टॉल कर. हेडरचा (मॉडबस.एच फाइलचा) रस्ता मात्र इफच्या बाहेर, दोन्ही वेळेला दिलेला आहे.

जुना_मेकवाला
सापडलं. हा इफच चोर आहे. दिसायला शहाणा, म्हणून इतके दिवस कुणी पकडला नाही.

उद्यमबागेत आहेस म्हणजे फाउंड्री बघितली असशील. समज, सकाळी स्टोअरचा कारकून येतो आणि रजिस्टर लिहितो: पॅटर्न आहे, वाळू आहे, कोअर (साच्याच्या आत ठेवायचा गाभा) नाही. कोअर नाही म्हणून कोअर शॉपला 'बनवा' अशी चिठ्ठी जाते. पण मोल्डिंगवाल्याला जी चिठ्ठी मिळते ती त्याच रजिस्टरवरून, आणि तिच्यात कोअरचा उल्लेखच नाही. तो बिचारा कोअरशिवाय साचा बंद करतो, ओतकाम वाया. संध्याकाळी कोअर स्टोअरला येऊन पडतो. दुसऱ्या दिवशी कारकून लिहितो, 'कोअर आहे', आणि सगळं झकास.

सीमेक म्हणजे तो कारकून. फाइंड_लायब्ररी चालते कॉन्फिगरच्या वेळी, म्हणजे सकाळी. एक्स्टर्नलप्रोजेक्टचं डाउनलोड, पॅच, बांधणी हे सगळं चालतं बिल्डच्या वेळी, म्हणजे दिवसभरात. संध्याकाळी येणारी वस्तू सकाळच्या रजिस्टरात कशी सापडणार? तुझी स्क्रिप्ट दोनदा चालते म्हणजे तू रोज दोन दिवस काम करतोयस.

आता दोन वेगळ्या एरर. पहिल्या फेरीत तुझा प्रोग्राम आणि लिबमॉडबस यांच्यात काही नातंच लिहिलेलं नाही. म्हणून मेकला वाटतं दोन्ही स्वतंत्र, कुठलंही आधी घेतलं तरी चालेल. जुन्या पीसीवर एकेक काम होतं आणि लिबमॉडबसचा नंबर योगायोगाने आधी लागतो. हेडर जागेवर येतात, कंपाइल होतं, पण लिंकच्या ओळीत लायब्ररी नाही, कारण ती इफमध्ये अडकली. म्हणून 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. नव्या लॅपटॉपवर आठ कामं एकदम सुटतात, तुझी फाइल हेडर यायच्या आधीच कंपाइलला लागते. म्हणून 'नो सच फाइल'. त्यानंतर 'वेटिंग फॉर अनफिनिश्ड जॉब्ज' असं दिसत असेल बघ. तेवढ्या वेळात लिबमॉडबस बांधून पूर्ण होते, म्हणून दुसरी फेरी पास. मेकच्या जागी निंजा (मेकसारखंच दुसरं साधन) असता तर एरर आल्यावर पुढचं काही सुरूच केलं नसतं, दोनदा चालवूनही भरवसा नव्हता.

उद्यमबाग_एकटा
काका, 'वेटिंग फॉर अनफिनिश्ड' खरंच दिसतंय!! मी त्याला एररचाच भाग समजत होतो. मग करायचं काय, इफ काढून टाकू?

जुना_मेकवाला
इफ काढ, फाइंड_लायब्ररी पण काढ. जी लायब्ररी आपणच बांधणार आहोत ती कुठे पडणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, शोधायची कशाला?

एक्स्टर्नलप्रोजेक्ट_अ‍ॅड नेहमी चालू दे. त्याच्याखाली अ‍ॅड_लायब्ररीने 'मॉडबस' नावाचं एक स्टॅटिक (प्रोग्राममध्येच मिसळणारं), इम्पोर्टेड (बाहेर बांधलेलं) टार्गेट कर आणि इम्पोर्टेड_लोकेशनमध्ये लिबमॉडबस.ए चा पूर्ण रस्ता लिही. फाइल आत्ता नसली तरी सीमेक ओरडत नाही. हेडरच्या फोल्डरबद्दल मात्र ओरडतं, 'नॉन-एक्झिस्टंट पाथ' म्हणतं, म्हणून ते रिकामं फोल्डर फाइल(मेक_डिरेक्टरी) ने आधीच करून ठेव. मग अ‍ॅड_डिपेन्डन्सीज: मॉडबस हे त्या एक्स्टर्नलप्रोजेक्टवर अवलंबून आहे असं सांग. आणि तुझ्या प्रोग्रामला फक्त 'मॉडबस' जोड. कोअर यायच्या आधी साचा बंद करायचा नाही, हे आता चिठ्ठीवरच लिहिलं गेलं. एका पीसीवर एक काम असो नाहीतर आठ, क्रम तोच राहतो.

लिबमॉडबसला सीमेकची फाइल नाही, कॉन्फिगर स्क्रिप्ट आहे, म्हणून कॉन्फिगर आणि बिल्डची कमांड स्वतः द्यायची. शेअर्ड बंद कर, स्टॅटिक चालू कर, प्रीफिक्स तुझं 'बाहेरचं' फोल्डर.

पाऊणवाट
सीमेकचं फेचकंटेंट का नाही वापरत? सीमेक ३.११ पासून आहे. ते कॉन्फिगरच्या वेळीच सोर्स आणतं, सकाळ-संध्याकाळचा घोळच नाही.

जुना_मेकवाला
बाहेरच्या लायब्ररीकडे स्वतःची सीमेक फाइल असेल तर मी पण तेच सांगेन. इथे नाही. फेचकंटेंट सोर्स आणून ठेवेल, बांधणार कोण? एसक्यूलाइटला तर तेही नको. त्यांची सगळी लायब्ररी एका सी फाइलमध्ये मिळते, ती आपल्या फोल्डरात ठेवायची आणि बाकीच्या फायलींबरोबर कंपाइल करायची.

कोडंकरी
मध्येच एक. लिबमॉडबस एलजीपीएल लायसन्सखाली आहे. स्टॅटिक जोडून गिऱ्हाईकाला बायनरी देत असाल तर त्याला बदललेली लायब्ररी वापरून पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते. तुमच्या साहेबांच्या कानावर घाला.

उद्यमबाग_एकटा
घालतो. सोर्स आम्ही गिऱ्हाईकाला देतोच, तरी विचारून घेतो.

आता हकीकत. काकांनी सांगितलं तसं केलं. बिल्ड फोल्डर पुसला, स्क्रिप्टमधली दुसरी ओळ काढली, मेक -जे८. पहिल्या फटक्यात पास!! तिसऱ्या गेटवर ट्रेनसाठी थांबलोय आणि एकटाच हसतोय.

पण काका म्हणाले म्हणून उत्साहात निंजा पण लावून बघितला. तो म्हणतो 'लिबमॉडबस.ए, मिसिंग अँड नो नोन रूल टू मेक इट'. काहीच सुरू करत नाही.

जुना_मेकवाला
निंजा कडक आहे. काम सुरू करायच्या आधी प्रत्येक फाइल कोण बनवणार याचा हिशोब मागतो. एक्स्टर्नलप्रोजेक्टमधून लिबमॉडबस.ए बाहेर पडते हे त्याला कुणी सांगितलंच नाही. बिल्ड_बायप्रॉडक्ट्स मध्ये त्याच फाइलचा रस्ता लिही, अक्षर न अक्षर तोच जो इम्पोर्टेड_लोकेशनमध्ये आहे. आणि बिल्ड कमांडमध्ये डॉलर-कंसातलं मेक लिहिलं असशील तर निंजाला ते कळत नाही, तिथे साधं मेक लिही.

उद्यमबाग_एकटा
झालं. दोन्हीवर चालतंय.

(दुसऱ्या दिवशी)
परत मीच. आज अर्धा दिवस गेला. पॅचमध्ये टाइमआउटचा आकडा वाढवला, बिल्ड केलं, बेंचवर लावलं. मीटरचं वागणं तेच. आकडा अजून वाढवला, तेच. मग मीटर बदलला, केबल बदलली, मेंटेनन्सच्या अण्णांना बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. अण्णा म्हणाले, 'काय करूलालास रे, वायर चांगली हाय की!' शेवटी लिबमॉडबस.ए ची तारीख बघितली. कालची! पॅच बदललाय हे बिल्डला कळलंच नव्हतं.

जुना_मेकवाला
माफ कर, हे मी कालच सांगायला हवं होतं. एक्स्टर्नलप्रोजेक्ट प्रत्येक टप्पा झाला की एक रिकामी शिक्क्याची फाइल ठेवतं, नावाला '-स्टॅम्प' असलेल्या फोल्डरात बघ. शिक्का आहे म्हणजे टप्पा झाला, पुन्हा बघायचं नाही. तुझ्या पॅच फाइलच्या आत काय बदललं ते ते वाचत नाही. पॅच बदलला की लायब्ररीचं ते सगळं फोल्डर पुसून टाक, शिक्के आणि उघडलेला सोर्स दोन्ही. नुसता पॅचचा शिक्का पुसशील तर आधीच पॅच लागलेल्या सोर्सवर पुन्हा पॅच लावायला जाईल आणि तिथे अडकेल.

वाईट वाटून घेऊ नको. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं ते याच कारणाने. त्यांचा एक सहकारी सकाळभर एका बरोबर प्रोग्राममधली चूक शोधत बसला होता. चूक कधीच दुरुस्त झाली होती, फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. तुझे अण्णा अर्थिंग तपासत होते, फरक तेवढाच.

पाऊणवाट
आणि गिटवरून नुसतं नाव देऊन घेत असाल तर तेही बंद करा. वर कुणी काही बदललं की तुमचा पॅच लागायचा नाही. ३.१.१० ची टारबॉल (सगळा सोर्स एका फाइलमध्ये) एकदा उतरवून स्वतःच्या फोल्डरात ठेवा. यूआरएलच्या जागी त्या फाइलचा रस्ता चालतो. यूआरएल_हॅशमध्ये एसएचए२५६ (फाइलचा ठसा) द्या, म्हणजे फाइल अर्धवट कॉपी झाली असेल तर तिथेच कळेल. नेटची भानगडच संपली.

निपाणी_नाका
सगळं झालं तर तपासायचं कसं? म्हणजे आपल्याकडे चालतंय पण दुसरीकडे नाही, हेच तर दुखणं होतं.

जुना_मेकवाला
नवीन फोल्डरात ताजा कोड काढायचा, वायफाय बंद करायचं, एकदा -जे१ ने आणि एकदा -जे८ ने बांधायचं, दोन्ही वेळा बिल्ड फोल्डर कोरा. -जे१ ने पास झालं म्हणून क्रम बरोबर आहे असं समजू नको, याच्या जुन्या पीसीने तेच तर दाखवलं. २०२२ च्या जीएनयू मेक ४.४ मध्ये --शफल आलंय, ते कामांचा क्रम मुद्दाम पिसून बघतं. जिथे नातं लिहायचं राहिलंय तिथे बरोबर पडतं.

उद्यमबाग_एकटा
उबुंटू २२.०४ वर मेक ४.३ आहे, शफल ओळखतच नाही. -जे१, -जे८, वायफाय बंद, तिन्ही केलं. पास.

आज परत चिकोडीला गेलो होतो. पेन ड्राइव्हवरून टाकलं, ऑपरेटरलाच चालवायला सांगितलं. एकदा चालवलं, झालं. तो दुसऱ्यांदा चालवायला निघाला होता, सवयीने. 'बॅडरी, साकु' (नको, पुरे) म्हणून थांबवला.

पुण्याच्या त्या मुलाला फोन केला, म्हटलं अरे कारण सापडलं. तो म्हणतो, 'तो शेरा मी नाही लिहिला. मी आलो तेव्हापासून तिथेच होता.'

निपाणी_नाका
ती दुरुस्त केलेली फाइल टाक की इथे. आमची तीनदावाली पण बघतो.

उद्यमबाग_एकटा
घरी पोचलो की टाकतो. खानापूरला लाईट असली तर.