विषय: केपांच्या रिव्हॉल्व्हरला कोणती दारू? (शुक्रवारच्या आत सांगा)

बापू:
मंडळी, शनिवारी सकाळी अप्पांबरोबर रेंजला जायचं नक्की. पिएट्टा कंपनीची १८६० आर्मी (कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती), .४४, मागच्या आठवड्यात आली. गावातल्या दुकानात खरी काळी दारू नाही, फक्त तिच्या बदली वापरायच्या पायरोडेक्स पी आणि ट्रिपल सेव्हन. कोणती घेऊ? गोळ्या .४५१ की .४५४? केपा (बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) १० नंबरच्या की ११? शेजाऱ्याने स्मोकलेस पावडरचा (आधुनिक काडतुसांतल्या दारूचा) अर्धा डबा दिलाय, तो चालेल का? दुकान शुक्रवारी सहाला बंद होतं.

अप्पा:
बापू, तो डबा आजच शेजाऱ्याला परत करा. चिमूटभरसुद्धा नको. स्मोकलेसचा दाब हे सिलिंडर सोसत नाही, फुटलं तर बोटं आणि डोळे जातील. दोनदा फोन केला, उचलला नाहीत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

पायरोडेक्स पी घ्या. काळ्या दारूचंच माप तिला चालतं, पण माप भरून घ्यायचं, वजन करून नाही. ती हलकी असते, काट्यावर तोललीत तर जास्त पडेल. २५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे दारू मोजायचं एकक) मापाने सुरुवात करा. ट्रिपल सेव्हन जोरकस आहे, ती घेतलीत तर १५ टक्के कमी भरा आणि फार दाबू नका. दारूच्या फ्लास्कमधून थेट चेंबरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) ओतायचं नाही. आधी मापात, मग चेंबरमध्ये. आत निखारा राहिला असेल तर हातातला अख्खा फ्लास्क पेटतो.

गोळी .४५४, शुद्ध मऊ शिशाची. ठासताना चेंबरच्या तोंडावर शिशाची बारीक कडी सोलून निघाली पाहिजे. निघाली नाही तर गोळी सैल आहे, ती वापरू नका.

नाना:
अप्पा, .४५४ चा आग्रह कशाला? माझ्या पिएट्टात .४५१ लाही पूर्ण कडी निघते आणि गोळी ठासायच्या लिव्हरवर ताण येत नाही. .४५४ तुमच्या उबर्टी कंपनीच्या रिव्हॉल्व्हरला ठीक. बापू, दोन्ही थोड्या घ्या आणि कडी बघून ठरवा. मात्र गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी नको. दारू कमी भरायची असेल तर वर क्रीम ऑफ व्हीट टाका. म्हणजे आपला रवाच. गोळी तोंडाजवळ येते आणि नेमही सुधारतो.

ताई:
गोळीवर लावायचं ग्रीस कसलं? अप्पांनी मागच्या वर्षी दिलेल्या डबीत बकऱ्याची चरबी होती, हे मला नंतर कळलं. आमच्या घरी चालत नाही. १८५७ ला एनफिल्डच्या काडतुसांवरून काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा आधी सांगावं ही विनंती.

अप्पा:
ताई, चुकलं माझं. मेण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वितळवून त्यात लोकरीच्या चकत्या भिजवा. चकती दारू आणि गोळीच्या मध्ये बसते. क्रिस्को (वनस्पती तूप) हेही शाकाहारी, पण ऑगस्टच्या उन्हात वितळून हातभर होतं. गाडीचं ग्रीस मात्र नको, नळीत डांबर साचतं.

नाना:
चकतीने शेजारचे बार एकदम उडायचे थांबतात म्हणतात, पण मला वाटतं आग मागूनही शिरते, सैल केपेतून. म्हणून केप घट्ट हवी. पिएट्टाला बहुधा १० नंबर बसते.

सचिव:
ही ईमेल-यादी गणेशोत्सवाच्या नियोजनासाठी आहे. मोदकांचा आकडा अजून कोणी कळवलेला नाही. हा विषय वेगळ्या धाग्यात न्यावा.

न्यू जर्सीचे काका:
सचिव, एकच सांगतो. फेडरल कायदा अशा प्रतिकृतींना सहसा बंदूक धरत नाही, पण आमच्या राज्यात हिलाही पिस्तुलासारखाच परवाना लागतो. घेऊन प्रवास करताना प्रत्येक राज्याचं बघा.

नाना:
सचिव, दहा वर्षं याच यादीवर क्रिकेटचे धागे चालले, तेव्हा कोणी बोललं नाही. आमचे एकवीस मोदक.

बापू, साफसफाई त्याच दिवशी. पायरोडेक्सची राख रात्रभर ठेवलीत तर लोखंड खाते. कोकणात आजोबांकडे शेतीरक्षणाची ठासणीची बंदूक होती. चुलीवरचं उकळतं पाणी नळीत ओतायचे, अंगणात काळंकुट्ट पाणी वाहायचं, मग गजाला फडकं गुंडाळून खोबरेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत ते थांबायचे नाहीत. तुमच्या कोल्टची पाचर काढली की नळी सुटी होते, तिलाही तसंच धुवा.

बापू:
सर्वांचे आभार. डबा परत केला. पायरोडेक्स पी, दोन्ही मापांच्या गोळ्या, पितळी माप, निपलचा (केप बसते त्या नळकांडीचा) पाना आणि केपा बसवायचा कॅपर घेतला. केपा मात्र ११ च्याच मिळाल्या, किंचित चिमटून बसतात. अप्पा, १० च्या असतील तर एक डबी आणा, आणि पाण्याची मोठी किटलीही. रवा मी आणतो.