‘पाट्या टाकणे’ कलावंताला लावता येतं का?

कोमल_निषाद
रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या ‘हॅकनी डायमंड्स’वर चाहत्यांनी जे भरभरून लिहिलं, त्याबद्दल मराठीत एक लेख लिहितोय. अल्बम ऑक्टोबर २०२३चा. स्वतःच्या नव्या गाण्यांचा याआधीचा त्यांचा अल्बम २००५चा, म्हणजे लोकांनी अठरा वर्षं वाट पाहिलेली. गायक मिक जॅगर ऐंशीचा झालेला, ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेलेला. तरी बहुतेकांचं मत एकच, की या माणसांनी जीव ओतून काम केलंय. मी लिहिलं, ‘या वयातही त्यांनी पाट्या टाकलेल्या नाहीत.’ लेख तपासणाऱ्या बाईंनी वाक्यावर काट मारली. त्यांच्या मते पाट्या टाकतो तो पगारापुरतं काम करणारा नोकरदार. कलावंताचं जमतं किंवा फसतं, तो पाट्या टाकत नाही. मला हे पटत नाही. मैफलीहून परतताना आमचे वडील सरळ म्हणायचे, ‘आज बुवांनी पाट्या टाकल्या.’ तुमच्याकडे कसं वापरतात? आणि इथे चालत नसेल, तर दुसरा शब्द कोणता?

रानवारा
वडिलांचं बरोबर होतं. पाटी म्हणजे टोपली. मातीकामावर मजुरी पाट्यांच्या मोजणीवर मिळायची. पाटी शिगोशीग भरली काय नि अर्धी भरली काय, मोजताना एकच. म्हणून नुसता आकडा पुरा करणं म्हणजे पाट्या टाकणं. करारात ठरलेत म्हणून एकामागून एक अल्बम काढणाऱ्या बँडला याहून नेमका शब्द मिळणार नाही.

अक्षरजुळणी
टोपलीची गोष्ट सगळेच सांगतात, पण लेखी आधार कोणी देत नाही. माझी आजी शिक्षिका होती. ती हा वाक्प्रचार शाळेतल्या पाटीवरून आला असं सांगायची. मुलं गणितं कशीबशी उरकायची, बाईंपुढे पाट्या टाकायची आणि खेळायला पळायची. मला हीच व्युत्पत्ती जवळची वाटते, कारण तिच्यात उरकण्याचा भाव आहे. मजुराच्या गोष्टीत बिचाऱ्या मजुरालाच कामचुकार ठरवलंय.

रानवारा
दगडी पाटी टाकली तर फुटेल. ती बाईंना दाखवायची असते, फार तर पुढ्यात ठेवायची. टाकतात ती माती. क्रियापदाकडे बघा.

मात्रावेलांटी
पाट्या राहू द्या. निषाद, तुमच्या मजकुरात ‘बँड’ आणि ‘अल्बम’ का? वाद्यवृंद आणि ध्वनिमुद्रिका हे शब्द आहेत ना आपल्याकडे?

खर्जातला
मात्रावेलांटी, ‘वाद्यवृंद’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर वीस-पंचवीस वादक येतात. आणि ध्वनिमुद्रिका म्हणजे ती तबकडी. आज तबकडी हातात न घेताही लोक अल्बम ऐकतात. ‘अल्बम’ म्हणजे एका मनाने एकत्र बांधलेली गाणी, आणि तो अर्थ आता मराठीत याच शब्दाला चिकटलाय. तो काढून टाकलात तर अर्थही जाईल.

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते या शब्दाची गरज रॉक ऐकणाऱ्यांइतकी कोणालाच नाही. मेटॅलिका या बँडचा २००३चा ‘सेंट अँगर’ घ्या. स्नेअर ड्रमचा पत्र्यासारखा आवाज आणि गिटारचा एकही सोलो नाही, म्हणून चाहते खवळले होते. अजून धुसफुसतात. पण तिथे पाट्या टाकलेल्या नाहीत. त्यांनी हट्टाने काहीतरी वेगळं केलं आणि ते अनेकांना रुचलं नाही. तो फसलेला प्रयोग. आता उलटं उदाहरण. स्टोन्सनी २०१६चा ‘ब्लू अँड लोनसम’ हा जुन्या ब्लूज गाण्यांचा अल्बम तीन दिवसांत ध्वनिमुद्रित केला. तीन दिवसांत संपवलं म्हणजे उरकलं का? ऐकून बघा, माणसं घामाघूम होऊन वाजवतायत. तेव्हा वेळ किती लागला, निकाल कसा आला, याच्याशी या शब्दाचं देणंघेणं नाही. मन कामात होतं का, एवढंच तो विचारतो. म्हणून कलावंताला तो लावता येतो. खरं तर त्यालाच आधी लावायला हवा, कारण श्रोत्याने त्याच्याकडे मनच मागितलेलं असतं.

कोमल_निषाद
खर्जातला, मला हेच म्हणायचं होतं. आता एसी/डीसी या बँडचं कसं सांगू? २०२०च्या ‘पॉवर अप’वर ‘पुन्हा तेच’ असं लिहिणारे दोन्हीकडचे होते. काही वैतागून लिहीत होते, काही आनंदाने.

अक्षरजुळणी
वैतागलेल्यांसाठी ‘दळण’. तेच ते दळण दळलंय.

खर्जातला
आणि आनंदी लोकांसाठी? त्यांचा गिटारवादक माल्कम यंग २०१७ मध्ये गेला. त्याने नि त्याच्या भावाने, अँगसने, जमवून ठेवलेल्या कल्पनांवर हा अल्बम उभा आहे. जे ‘पुन्हा तेच’ म्हणून हरखले, त्यांना भावाभावांचा तो ठोका परत कानावर पडला होता. त्याला दळण म्हणवत नाही. ‘बाज राखला’ म्हणा. बाज हा आपल्या गाण्यातलाच शब्द आहे.

कोमल_निषाद
‘बाज राखला’ घेतला. आणखी एक अडलंय. द क्युअर या बँडचा सोळा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, नवा अल्बम आला. त्यावर एकाने लिहिलेलं मी ‘त्यांना सूर गवसला’ असं केलं. परत वाचलं तर क्रीडा पानावरची बातमी वाटली!

रानवारा
वाटणारच. धावा होत नसलेल्या फलंदाजाने अर्धशतक काढलं की छापतात ‘सूर गवसला’. शब्द आपला, गाण्यातला. क्रिकेटवाल्यांनी नेला आणि इतका वापरला, की आता गाणाऱ्याबद्दल लिहिलं तरी हातात बॅट दिसते.

मात्रावेलांटी
म्हणून सोडून द्यायचा का? आपणच वापरला नाही तर तो कायमचा त्यांचा होईल. मी तर आग्रहाने लिहीन. त्यांच्या गायकाचा, रॉबर्ट स्मिथचा, आवाज पहिल्याच गाण्यात तीन मिनिटं उलटल्यावर येतो. तोवर नुसती वाद्यं वाट पाहत राहतात. सूर गवसणं म्हणजे दुसरं काय असतं?

कोमल_निषाद
त्या तीन मिनिटांवरच सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय. काहींना तो ठहराव वाटला, काहींना पाल्हाळ.

मात्रावेलांटी
‘ठहराव’ हिंदी आहे.

खर्जातला
मराठी गवय्यांच्या तोंडी तो कधीचा आहे. त्यांच्या तोंडून काढून घेणार का? आणि पाल्हाळ हे बोलण्याचं नि लिहिण्याचं. वाद्याचं पाल्हाळ मी ऐकलेलं नाही.

रानवारा
मग आयर्न मेडन या बँडच्या ‘सेनजुत्सु’ला काय म्हणाल? २०२१चा, बयाऐंशी मिनिटांच्या आसपास. शेवटची तीन गाणी तर दहा मिनिटांच्या पुढची. निम्मे चाहते म्हणतात कात्री लावायला हवी होती. मला स्वतःला ती लांबी आवडते. मी त्याला ऐसपैस म्हणेन.

अक्षरजुळणी
ऐसपैस बसतात. घर ऐसपैस असतं. गाणं कसं ऐसपैस असेल?

रानवारा
जुन्या मराठीत पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. गाण्यात मोकळी जागा नसते का?

अक्षरजुळणी
‘पैस’ मान्य. मग ‘ऐस’ कुठला? की ते नुसतं यमकासाठी पुढे जोडलंय? तसं असेल तर ‘अघळपघळ’मध्येही तेच झालं असणार, आणि मेडनच्या त्या शेवटच्या तीन गाण्यांना माझ्या मते अघळपघळच म्हणावं.

रानवारा
अघळपघळमध्ये ढिलाई आली. ती गाणी ढिली नाहीत. हेडफोन लावून पुन्हा ऐका, मग बोलू.