गोबरगॅसचा डोम गळतोय, दुरुस्त करावा की बंद? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गोठ्यात दोन म्हशी, दोन गाई. रोज 50 किलोच्या आसपास शेण निघतं. वडिलांनी 2011 साली 2 घनमीटरचा दीनबंधू प्लांट (जमिनीत बांधलेली टाकी, वर गॅस साठायला पक्का घुमट म्हणजे डोम) बांधून घेतला. दोन्ही वेळ मिळून चार तास शेगडी चालायची, घरचा स्वयंपाक त्यावरच. आता अडीच तासांतच ज्योत बसते. थंडीत गॅस कमी होतो हे मान्य, पण ऐन मे महिन्यात?

डोमवरची माती काढून साबणाचं पाणी ओतलं. पाईपच्या जोडाला फेस आला, तो जोड बदलला. पण डोमच्या गळ्याशी बोटभर लांब, केसासारखी चीर आहे. तिथे अजून बुडबुडे येतात.

तेव्हापासून हिशेब करतोय आणि जीव कासावीस होतोय. उकिरड्यावर शेणाला हवा लागते, मिथेन कमी बनतो. प्लांटमध्ये हवा लागू न देता आपण तो मुद्दाम बनवतो, जाळण्यासाठी. माझा तिसरा हिस्सा जरी गळत असेल तरी रोज पाव किलो मिथेन हवेत जातो. पृथ्वी तापवण्यात 100 वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साईडच्या 28 पट धरतात, म्हणजे रोज 7 किलो कार्बन डायऑक्साईड सोडल्यासारखं झालं. उरलेल्या गॅसमुळे सिलिंडरचा जो कार्बन डायऑक्साईड वाचतो तो जेमतेम पावणेदोन किलो! वसुंधरेसाठी चांगलं करतोय असं इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, आणि होतंय उलटंच.

जाणकारांनी कृपया सांगावं:

ही चीर वरून बुजवून टिकते का, की आतूनच गिलावा करावा लागतो? आतून करायचं तर टाकी रिकामी करून किती दिवस उघडी ठेवता? विषारी वायूने माणसं दगावल्याचं ऐकलंय, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय गवंड्याला खाली उतरवणार नाही.

त्यापेक्षा फुग्याचा (कापडी पिशवीचा) प्लांट घ्यावा का? कोल्हापूरकडच्या उन्हापावसात ते कापड किती वर्षं टिकतं?

आणि सगळ्यात घाईचं: दुरुस्ती होईपर्यंत काय करू? शेण घालणं आजच थांबवलं तरी आतली स्लरी (शेणकाला) काही आठवडे गॅस देतच राहणार. तोवर दिवसभर शेगडी पेटती ठेवून गॅस जाळून टाकणं बरं का? आत दाब कमी राहिला तर चिरेतून गळणंही कमी होईल, असं मला वाटतं. कुणी करून पाहिलंय का?